मापवालीचं कुलूप

हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, औषधांचं दुकान आणि चष्म्याचं दुकान यांच्या मधे, एक अरुंद दुकान होतं. काचेत काही मांडलेलं नसायचं. ज्यांना तिथे यायचं असे त्यांना वॉर्डातल्या नर्सच पत्ता सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. "मापवालीकडे जा," म्हणायच्या.

मापवाली पन्नाशी ओलांडलेली बाई. अंगापिंडाने मजबूत, बोलायला तुटक, चष्मा कपाळावर आणि टेप गळ्यात. कॅन्सरमुळे ज्यांचा स्तन काढावा लागला, अशा बायकांसाठी ती ब्रा शिवायची. आत मऊ सुती कापडाचा खिसा आणि त्या खिशात बसणारा सिलिकॉनचा भराव. ऐकायला सोपं वाटतं. पण भरावाचं वजन दुसऱ्या बाजूला मिळतंजुळतं नसेल तर खांदा कलतो, पाठ धरते, आणि बाई कोणीतरी ढकलल्यासारखी तिरकी चालायला लागते. शिवण व्रणावरून गेली तर दुपारपर्यंत कातडी सोलवटून निघते. हे सगळं ती पुस्तकात शिकली नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झालं तेव्हा बहिणीने ब्लाउजमधे जुने मोजे कोंबले होते. एकदा बँकेच्या रांगेत त्यातला एक मोजा खाली पडला. थोरलीने तो उचललासुद्धा नाही. परक्याचाच असल्यासारखी ओलांडून पुढे गेली, आणि घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलली नाही. थोरली फार जगली नाही, पण धाकटीच्या हातात हे काम देऊन गेली.

दुकानाच्या पुढच्या भागात काउंटर आणि कॉम्प्युटर, मधे जाड पडदा, मागे दोन शिलाई मशीन आणि माप घ्यायची खोली. त्या खोलीतल्या आरशालाही पडदा होता. ज्या बाईला बघायचं असेल तिनेच तो सारायचा. काही जणी पहिल्याच खेपेला सारत, काही जणी तिसऱ्या खेपेला, काही कधीच नाही. मापवाली कोणालाही "बघा ना" म्हणायची नाही. ती पाठमोरी उभी राहून सुया लावायची.

काउंटर तिच्या भावाकडे होता. हा सगळ्यात धाकटा. दुकान वडिलांचं, त्यामुळे अर्धा वाटा त्याचा. शिवणकाम त्याला जमलं नाही, पण बोलणं मात्र जन्मजात. औषधवाल्यापासून कुरियरच्या माणसापर्यंत सगळ्यांशी याची गट्टी. बिलं, पार्सलं, फोन आणि मेल, हे सगळं तो बघायचा. मापवालीला त्यातलं काही कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण दिवसभर सुईत डोळे घालून बसल्यावर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायची तिला इच्छाच होत नसे. भाऊ मेल उघडायचा, मापं आणि फोटो कागदावर छापून आत द्यायचा. लांबच्या गावांतल्या बायकांना यायला जमत नसे. त्या हॉस्पिटलचे रिपोर्ट पाठवायच्या, मापं पाठवायच्या आणि व्रणाचा फोटो पाठवायच्या. समोरून एक, बाजूने एक. मापवालीनेच तशी पद्धत घालून दिली होती, कारण व्रण कुठून कुठे गेलाय हे शब्दांत सांगता येत नाही.

भावाला टोपणनावं ठेवायची खोड होती. "ताई, आज चिमणीचं पार्सल जातंय," असं तो ओरडायचा. कधी 'उतरण', कधी 'पाटी', कधी 'शून्य'. मापवालीला वाटायचं, पार्सलं लक्षात ठेवायची याची काहीतरी युक्ती असेल. हसून सोडून द्यायची.

एका दुपारी तिच्या मशीनची सुई मोडली आणि नव्या सुयांचं पाकीट घ्यायला ती पडद्याबाहेर आली. काउंटरवर चहाचे तीन ग्लास होते. भाऊ खुर्चीत, आणि त्याच्या खांद्यांवरून वाकलेले दोघे, एक औषधांच्या दुकानातला आणि एक कुरियरचा. औषधवाल्याच्या हातातलं बिस्कीट चहात बुडून मऊ झालं होतं, ते तो चोखत होता. चोखता चोखता कॉम्प्युटरकडे बघून म्हणाला, "ही म्हणजे तुझी उतरण का?"

"छे रे. उतरण पुढची. ही शून्य. दोन्ही गेलेत."

तिघं हसले. फार मोठ्याने नाही. शाळेतली पोरं मागच्या बाकावर हसतात तसे, नाकातून.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो होता. चेहरा नव्हता त्यात. पण मापवालीला चेहऱ्याची गरजच नव्हती. डाव्या काखेपासून मधोमध येऊन, तिथे जरासा वळून उजव्या काखेपर्यंत गेलेला तो व्रण तिने बोटांनी मापला होता, त्याच्यासाठी दोनदा कापड उसवलं होतं. ती बाई एका शाळेत गणित शिकवायची; या खेपेला सुट्टी मिळाली नाही म्हणून तिने फोटो पाठवला होता.

आधी मापवालीला वाटलं राग येतोय, पण राग वर डोक्यात चढतो. हे खालून आलं. ती तशीच मागे वळली, मोरीपर्यंत पोचली आणि सकाळपासूनचं सगळं बाहेर पडलं. तोंड पुसून ती परत पुढे आली तेव्हा ते दोघे पसार झाले होते. ग्लास तसेच होते. एकाच्या तळाशी बिस्किटाचा लगदा बसला होता, आणि पुढे किती तरी दिवस तो लगदा तिच्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

तिने भिंतीतून कॉम्प्युटरची वायर उपटली.

"अगं, असं काय करतेस? खराब होईल ना तो!"

"कधीपासून चाललंय?"

"काय?"

"कधीपासून?"

भाऊ खांदे उडवत म्हणाला, "अगं त्यात काय एवढं! चेहरा तरी दिसतोय का कोणाचा? नाव कोणाला माहीत आहे? मी काय बाहेर वाटतोय का?"

"फोनमधे आहेत?"

त्याने फोन खिशात सरकवला. तिने हात पुढे केला. फोन द्यायला तो तयार होईना, पण तीही हटली नाही. शेवटी त्याने स्वतःच काहीतरी पुसून दाखवलं. "बघ, गेले. झालं समाधान?" त्या दोघांच्या फोनचं काय, हे तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "ते मला कसं माहीत असणार?"

इतका गोड, इतका हसरा भाऊ. लहानपणी याला तिने कडेवर घेऊन हिंडवलं होतं. आता तो जवळ उभा होता तर त्याच्या शर्टाचा वासही नकोसा होऊन ती दोन पावलं मागे सरकली.

संध्याकाळी आईचा फोन आला. भावाने आधीच रडगाणं गाऊन ठेवलं होतं.

"पुरुषाची जात आहे गं, चुकला असेल," आई म्हणाली. "तू मोठी आहेस, पोटात घाल. घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस."

"आई, लक्तरं आपली नाहीत. लोकांच्या बायकांची आहेत, आणि वेशीवर त्यानेच टांगलीत."

आईने फोन ठेवला. पुढे बरेच दिवस उचलला नाही.

त्यानंतर मापवालीने जे केलं ते करायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. एकेका बाईला फोन लावून तिने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. "तुमचे फोटो माझ्या भावाने पाहिले. दुसऱ्यांना दाखवले. मी नीट लक्ष ठेवलं नाही." एक जण रडली. एकीने ऐकून घेतलं आणि काही न बोलता फोन कापला. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ दे गं बाई, माझ्याकडे बघून त्यांना काय मिळणार!" आणि हसली. मापवालीला त्या हसण्याचा त्रास रडण्यापेक्षा जास्त झाला. एकीच्या नवऱ्याने फोन घेतला आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो तिने मान खाली घालून ऐकून घेतला, जणू तो समोरच उभा होता.

गणिताच्या बाई मात्र फोनवर बोलल्या नाहीत. स्वतः आल्या. काउंटरपाशी उभ्या राहिल्या, आत यायला तयार होईनात.

"तो फोटो काढताना मी दार लावलं होतं," त्या म्हणाल्या. "पडदे ओढले होते. घरात मी एकटी, तरी आतून कडी घातली होती. आणि एवढं सगळं करून पाठवला तो असा. उघड्या पोस्टकार्डासारखा. वाटेत ज्याने उचलला त्याने वाचावा."

"चूक माझी आहे," मापवाली म्हणाली.

"चूक तुमच्या भावाची आहे. निष्काळजीपणा तुमचा. दोन्हींत फरक आहे, पण मला आत्ता त्याचं काही वाटत नाही." बाईंनी पदर सारखा केला. "मला कसली शिसारी येते सांगू? मला परत तुमच्याकडेच यावं लागणार आहे. दुसरं कोणी नीट शिवत नाही."



तक्रार करायची असं बाईंनीच ठरवलं. सोबत मापवाली आणि आणखी एक ग्राहक. पोलीस ठाण्यातल्या टेबलामागच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, पेनाच्या टोपणाने कान कोरला आणि म्हणाला, "बघू, काय फोटो आहेत ते. पुरावा तर बघावा लागेल." शेजारच्या टेबलावरचे दोघे खुर्च्या सरकवून जवळ आले. त्यांच्या मानांचं ते पुढे येणं मापवालीने ओळखलं. काउंटरवरच्या त्या दोघांच्या माना अशाच पुढे आल्या होत्या.

"पुरावा पाकिटात बंद करून, बाई अधिकारी असतील त्यांच्या हातात देऊ," गणिताच्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही."

त्या दिवशी तक्रार लिहून घेतली गेली नाही. बाहेर पडल्यावर तिघीही रस्त्याच्या कडेच्या नळावर थांबल्या आणि कोणी कोणाला काही न सांगता तोंडं धुतली.

मग बाईंनी एका वकिलीणबाईंना गाठलं. वकिलीणबाईंची पहिलीच अट होती, की कागदपत्रं आणि फोटो साध्या मेलने पाठवायचे नाहीत. एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूप लावलेल्या मेलनेच पाठवायचे. बाईंना ते येत होतं. एका दुपारी दुकान बंद करून त्या मापवालीने या कामासाठी नव्याने घेतलेल्या लॅपटॉपसमोर बसल्या.

"हे बघा, याच्यात दोन किल्ल्या तयार होतात. एक सगळ्यांना वाटायची. तिला किल्ली म्हणतात, पण काम कुलपाचं करते. तुमचं कुलूप ज्याच्याकडे आहे तो तुमच्यासाठी मेल बंद करून पाठवू शकतो. पण बंद केल्यावर त्यालासुद्धा ते कुलूप उघडता येत नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरी फक्त तुमच्याकडे. उघडायची ती. याच मशीनवर राहणार, आणि तिच्यावर तुमचं एक लांबलचक वाक्य. ते कोणाला सांगायचं नाही. भावाला नाही, आईला नाही, मला नाही."

"आणि मी विसरले तर?"

"तर आलेले मेल कायमचे बंद. कोणाच्या पाया पडून उपयोग नाही. म्हणून किल्लीची एक प्रत दुसरीकडे नीट ठेवा."

मापवालीने लगेच पुढचा प्रश्न विचारला, "म्हणजे आता काही भीती नाही?"

"आहे ना. विषयाची ओळ उघडीच राहते. कोणी, कोणाला, कधी पाठवलं हेही दिसतं. तेव्हा विषयात 'चौकशी' एवढंच. आणि तुम्ही मेल उघडलात की फोटो तुमच्या पडद्यावर उघडाच असतो. माप काढून झालं की तो पुसायचा. ते काम कुलूप करत नाही." मग बाई म्हणाल्या, "आणि जुने गेले ते गेले. त्यांना आता कसलंच कुलूप लागणार नाही."

हे शेवटचं वाक्य मापवालीला रात्रंदिवस टोचत राहिलं. पण ती शिकली. हात शिलाईचे, त्यामुळे एखादी गोष्ट दहा वेळा उसवून परत करायचा तिला कंटाळा नव्हता. ग्राहकांना समजेल असं तिने फोनवर सांगायला सुरुवात केली. ज्यांना ते किल्ल्यांचं प्रकरण जमलं नाही, त्यांनी एक कुलूपबंद मेल देणारी सेवा घेतली. तिथे नुसतं खातं उघडलं की पुरे. ज्यांना तेही नको वाटलं, त्यांना ती म्हणाली, "मग फोटो नको. मीच येते." आणि खरंच गाडीत बसून गेली.

दुकानात अर्धा वाटा असल्यामुळे भाऊ अजून काउंटरवर यायचाच. फक्त आता मेल उघडला की त्याच्या पडद्यावर नुसती अक्षरं आणि आकडे, ओळींमागून ओळी, गिचमीड.

"हे काय आलंय? व्हायरस आहे का?"

"माझं काम आहे ते."

"अगं, पण मला वाचता येत नाहीये!"

"हो."

भावाचं तोंड उतरलं. "एवढा अविश्वास? सख्ख्या भावावर? सॉरी म्हटलं ना मी!"

"म्हटलंस," ती म्हणाली, आणि पडदा ओढून आत गेली.

वाटलं होतं की इथे तरी तो ओशाळेल. पण जित्याची खोड! काही दिवसांनी दुकानाच्या मेलवर एका नव्या ग्राहकाचा मेल आला. साधा, बिनकुलपाचा. बाई म्हणे परगावच्या. ऑपरेशन झालंय, शिवून घ्यायचंय, पण आधी इतर बायकांचं काम कसं केलंत ते बघायचंय. 'चार-पाच फोटो पाठवा. चेहरा नसला तरी चालेल. त्यात काय एवढं.'

मापवालीने ते शेवटचे शब्द पुन्हा वाचले. मग शांतपणे उत्तर लिहिलं, की आधी किल्ली तयार करून घ्या आणि फोन करा, आपापल्या किल्लीचा ठसा एकमेकींना वाचून दाखवू, म्हणजे समोर कोण आहे ते कळेल. बाईंनी शिकवलं होतं तिला हे. प्रत्येक किल्लीचा अक्षरं-आकड्यांचा एक ठसा असतो, दुसऱ्या कुठल्याच किल्लीचा नसतो असा, आणि तो मेलवर नाही, तोंडी पडताळायचा. फोन आला नाही. उलट मेल आला, 'मला बोलायची लाज वाटते.'

लाज! त्या शब्दावर तिला हसूही आलं आणि ओकारीही. भावानेच आजारी बाईचं सोंग घेतलं होतं. आपल्याच बहिणीला जे झालं होतं, तेच स्वतःला झाल्याचं खोटं लिहिलं होतं. मोजे कोंबून बँकेच्या रांगेत उभी राहिलेली थोरली याची पण बहीणच होती ना!

तिने दोन्ही मेल वकिलीणबाईंना पाठवले, कुलूप लावून. पुढचं काम वकिलीणबाईंनी केलं. तक्रार वरच्या ठिकाणी, एका बाई अधिकाऱ्याकडे नोंदवली गेली. तो मेल कुठून आला ते निघालं, दुकानातल्याच कॉम्प्युटरवरून. भावाचा आणि त्या दोघांचा फोन जप्त झाला. औषधवाल्याच्या फोनमधे अजून सगळं होतं, टोपणनावांसकट. औषधवाला म्हणाला, "मी कशाला मागितले असते? त्यानेच दाखवले." कुरियरवाल्याने तर मापवालीलाच विचारलं, "ताई, माझी नोकरी जाईल हो, काहीतरी करा." तिने दार लावून घेतलं. केस उभी राहिली, आणि ती संपेपर्यंत भावाने दुकानात पाऊल टाकायचं नाही असा हुकूम झाला.

आईने एक संबंध उन्हाळा तिच्याशी अबोला धरला. नात्यातल्या बायका म्हणाल्या, बहिणीने भावाला देशोधडीला लावलं. त्यातल्या एकीलाही फोटो म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारावंसं वाटलं नाही. काही ग्राहक कायमच्या तुटल्या. गणिताच्या बाई येत राहिल्या, पण पूर्वीसारख्या गप्पा मारायच्या नाहीत. माप द्यायच्या, आरशावरचा पडदा स्वतः ओढून नीट बंद करायच्या आणि निघायच्या. मापवालीने त्यांना चहा विचारणंही सोडलं. बाईंनी तो कधीच घेतला नसता.

एक दिवस भावजय दुकानात आली. मापवालीला वाटलं, आता भांडण होणार. नवऱ्याच्या बाजूने ती आजवर चार ठिकाणी बोलली होती. पण भावजयीने आधी गल्लीत डोकावून पाहिलं, दाराला आतून कडी घातली, आणि बसायलाही न थांबता म्हणाली,

"ताई, ते तुमचं कुलपाचं मेल. मलाही उघडून द्याल?"

"तुला कशाला?"

"माझ्या बहिणीला लिहायचं असतं. डॉक्टरांना विचारायचं असतं. मी जे लिहिते ते रात्री जेवताना हे बोलून दाखवतात. शब्दन् शब्द. आणि हसतात." तिने तोंडाला पदर लावला. "लग्न झाल्यापासून. मला वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं."

या बाईला मापवाली इतकी वर्षं मूर्ख समजत आली होती. भावाबद्दलची किळस तिला वाटत होती त्याहून खोल निघाली, आणि त्यात थोडी स्वतःबद्दलचीही मिसळली. त्यांच्याच घरात जेवायला बसून हे सगळं आपल्याला दिसलं कसं नाही?

"फोन कोणाच्या नावावर आहे तुझा?" तिने विचारलं.

"त्यांच्या."

"मग त्याच्यावर नको. तो उघडून बघेल. माझ्या लॅपटॉपवर ये." तिने स्टूल पुढे सरकवलं. "आधी एक वाक्य ठरव. लांब. त्याला सुचणार नाही असं."

भावजय स्टूलवर टेकली. मग तिचे ओठ हलले, आणि मापवालीने मान दुसरीकडे वळवून कानांवर हात ठेवले.